निकस, मंद, बिचारा, गरीब

बाबा,

तुमच्याबद्दलची एक गोष्ट मी आजवर चुकीची सांगत आले. ती आधी दुरुस्त करते. अध्यापिका विद्यालयात असताना आम्हाला घडवणाऱ्या शिक्षकाविषयी लिहायला सांगितलं होतं, तेव्हा मी तुमच्याविषयी लिहिलं. त्यात मी म्हटलं की लहानपणी मी एका मुलीला इंग्रजीत 'पुअर' म्हणाले, आणि मला समज यावी म्हणून तुम्ही मला तिच्या घरी जेवायला घेऊन गेलात. बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी ते मला सगळ्यांपुढे वाचायला लावलं. नोकरी लागल्यावर मी तीच गोष्ट शिक्षकांच्या खोलीत सांगितली, आठवीच्या वर्गात सांगितली, आणि दर वेळी तुम्ही थोडे थोडे उंच होत गेलात. पण तुम्ही मला नेलं नव्हतं, बाबा. आपल्याला बोलावलं होतं.

हे मला कळलं ते मागच्या महिन्यात, मलकापूरच्या मोटार स्टँडवर. तीच मुलगी भेटली. आता ती मोताळ्याच्या दवाखान्यात नर्स आहे. पांढरी साडी, काखेत छत्री, हातात डबा. मीच तिला ओळखलं नाही, तिनं मला ओळखलं. बोलता बोलता मी मोठ्या कौतुकानं म्हटलं, की बाबांनी मला तुझ्या घरी जेवायला नेलं होतं ती गोष्ट मी माझ्या मुलींना सांगते. ती हसायलाच लागली. "तुया बाबानं काऊन नेलं वं? माह्या मायनं बलावलं होतं तुमाले. आन् बलावलं म्हंजे तरी काय, टोमणा मारला होता तिनं. तिले काय ठाऊक, तुये बाबा खरंच येतीन म्हून." तेवढ्यात तिची गाडी लागली. खिडकीतून मान बाहेर काढून ती म्हणाली, "सांग खुशाल, पण मायले नको काढू त्याच्यातून." ती म्हणाली त्या क्षणी मला सगळं जसंच्या तसं आठवलं होतं. मग इतकी वर्षं मी तिच्या आईला कुठे ठेवलं होतं, ते मला कळेना.

तेव्हा आता पहिल्यापासून, जसं झालं तसं लिहिते. तुम्ही मॅट्रिकला इंग्रजीत राहिलात आणि पुन्हा बसला नाहीत, कारण आजोबा गेले आणि मळा तुमच्या आणि मोठ्या काकांच्या अंगावर आला. पण इंग्रजीचा नाद तुम्ही सोडला नाही. मलकापूरच्या बाजारात भाजी उतरवून येताना एकदा रद्दीवाल्याकडून तुम्ही एक जाडजूड इंग्रजी-मराठी कोश आणलात. त्याची पुढची पानं उंदरांनी नाहीतर वाण्यांनी संपवली होती, त्यामुळे आपल्या घरचं इंग्रजी 'बी'पासून सुरू व्हायचं. गावच्या शाळेत इंग्रजी नव्हतंच. माझी शाळा म्हणजे मळा. संध्याकाळी वांग्याला पाणी चालू असलं की मी पाण्याच्या दांडाच्या कडेला बसायची, कोश मांडीवर. एक वाफा भरेपर्यंत एका शब्दाचा एक अर्थ. वाफा भरला की तुम्ही फावड्यानं माती ओढून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचात, आणि आपण पुढच्या अर्थावर जायचो. ज्या शब्दाला अर्थ थोडे त्या शब्दाला पाणी थोडं, असं तुम्ही म्हणायचात. 'पुअर' हा शब्द आपल्याला अख्खी एक संध्याकाळ पुरला, आणि तरी संपला नाही.

आज मी हा शब्द वर्गात शिकवते तेव्हा फळ्यावर सरळ लिहून मोकळी होते: पुअर म्हणजे गरीब. तुम्ही गरीबपासून सुरुवात केली नव्हती. कोशात तो अर्थ पहिला होता, तुम्ही तो शेवटी ठेवलात. आधी घेतलात निकस. नाल्याकडच्या मुरमाड बरडातली एक मूठ माती आणि उकिरड्याजवळची एक मूठ माती माझ्या दोन हातांवर ठेवलीत. "कोन्ती पुअर?" मी बरडाचा हात पुढे केला. "काय कमी हाये तिच्यात?" मला सांगता येईना. "मंग तू अर्धंच वाक्य बोलली. पुअर म्हटलं की लोक इचारतील, काय कमी हाये? ते सांगता आलं पाह्यजे." मग तुम्हीच दाखवलंत, की तिच्यात ओल धरायला काही नाही, कुजलेलं काही नाही, म्हणून ती हातातून सांडते. पुढच्या वाफ्याला अर्थ होता मंद, आणि तोवर उजेड इतका कमी झाला होता की तो अर्थ मला वाचताच येईना. "हेच," तुम्ही म्हणालात. "लाइट इज पुअर. काय कमी हाये?" मी म्हटलं, सूर्य. तुम्ही खूष झालात.

बिचारा या अर्थाला मी चुकले, तेही आठवतं. आपला तांबडा बैल त्या दिवशी पाय उचलून उचलून ठेवत होता. मी मोठ्या हुशारीनं म्हटलं, "पुअर बुल." तुम्ही फावडं टाकलं, बैलाजवळ गेलात, त्याचा पाय गुडघ्यावर घेतला आणि मला हाक मारलीत. खुरात बाभळीचा काटा घुसला होता. "बिचारा म्हटल्यानं निंघते का हा?" एवढंच तुम्ही म्हणालात, आवाज चढवला नाही, पण मला इतकी लाज वाटली की त्या रात्री मी भाकरी खाल्ली नाही. आई म्हणाली, अहो, पोरीले काय बोलले? आणि तुम्ही म्हणालात, मी नाही बोललो, बैल बोलला. आई त्याच बैलाला नेहमी गरीब म्हणायची, तुम्हाला आठवत असेल. फार गरीब जनावर आहे, शिंग म्हणून उगारत नाही. आपल्या भाषेत ज्याच्याकडे काही नाही तोही गरीब आणि जो मारत नाही तोही गरीब. कोशातल्या शब्दात हा अर्थ नव्हता. मला अलीकडे वाटतं, म्हणूनच असेल, ज्याच्याकडे नाही त्यानं शिंगही उगारू नये असं आपण धरून चालतो, आणि त्यानं उगारलं की आपल्याला फसवल्यासारखं होतं. हे मला का सुचलं ते पुढे सांगते.

गरीब हा अर्थ राहिला होता तो दुसऱ्या दिवशीसाठी. मिरचीत निंदण चालू होतं, बाया ओळीनं बसल्या होत्या, आणि ती माझ्या वयाची मुलगी आईबरोबर आलेली, बांधावर बसून कांदा-भाकर खात होती. तुम्ही म्हणालात, आता तू वाक्य कर. मी इकडेतिकडे पाहिलं, तिच्या फ्रॉकची फाटकी बाही दिसली, आणि मी मोठ्यानं म्हटलं, "शी इज अ पुअर गर्ल." वाक्य पूर्ण होतं, व्याकरणात कुठे चूक नव्हती. मी तुमच्या शाबासकीची वाट पाहत होते. तेवढ्यात तिची आई खुरपं हातात घेऊन उठली. उंच, काळीसावळी बाई, बोलायला खणखणीत. "काय म्हन्ते वं भाऊची लेक? माह्या पोरीकडे पाहून म्हन्ली ते?" तुम्हाला काहीही सांगता आलं असतं. चांगली मुलगी म्हणते, असं सांगितलं असतं तरी कुणाला कळणार होतं? तुम्ही म्हणालात, "गरीब म्हन्ते तुमच्या पोरीले." बाया पदरात हसल्या. ती नाही हसली. "हाव का? आमचं घर पाह्यलं का हिनं कधी? आमच्या चुलीवर काय शिजते, ते पाह्यलं? या मंग उद्या जेवाले, बापलेक दोघंबी. जेवा आन् मंग म्हना काय म्हनाचं ते."

हा टोमणा होता, हे मिरचीतल्या प्रत्येक बाईला कळलं होतं. आपल्या आळीतलं कुणी त्यांच्या बौद्धवाड्यात कधी जेवलं नव्हतं. तिथलं पाणी प्यायचं म्हटलं तरी लोक दोनदा विचार करत. तुम्ही विचार केलाच नाहीत. "येतो," तुम्ही म्हणालात. "दुपारी येऊ का सांजीले?" मुलीच्या आईचा आवाज एकदम खाली आला. "सांजीले या," ती म्हणाली, आणि बसून निंदायला लागली. थोड्या वेळानं शेजारणीनं तिला काहीतरी विचारलं, तेव्हा ती पुटपुटलेली मला ऐकू आली: "आता काय करू माय, येतो म्हन्ले ते." हे सगळं मी माझ्या गोष्टीतून काढून टाकलं होतं, बाबा. तुम्ही स्वतःहून नेलंत असं सांगितलं की तुम्ही मोठे दिसायचात. पण आता मला वाटतं, तुम्ही जे केलंत ते त्याहून अवघड होतं. कुणी चिडून दार ढकललं, आणि ते उघडं आहे असं समजून तुम्ही सरळ आत गेलात.

आईला तुम्ही सांगितलंत तेव्हा ती चुलीपुढे होती. तिनं एकच विचारलं, "मंग घरी दोघांचं कमी टाकू ना?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही धुतलेलं धोतर नेसलात, मला वेणी घालून दिलीत. त्यांचं घर सारवून ताजं होतं. बसायला गोधडी अंथरली होती. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, जवसाची चटणी, आणि गुळाचा शिरा, जो तिनं नक्की आपल्यासाठी केला होता. वाढताना ती म्हणाली, "वांगे तुमचेच हायेत भाऊ, चव आमची हाये." तिच्या नवऱ्यानं कोनाड्यातून त्यांच्या मोठ्या मुलाचं पत्र काढून तुम्हाला वाचायला दिलं. मुलगा वसतिगृहात राहून शिकत होता. तुम्ही ते मोठ्यानं वाचलंत, आणि एक शब्द तुम्हाला लागला नाही तेव्हा तसं सांगितलंत. मग तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "हां पोरी, आता सांग, काय हाये आमच्याकडे पुअर?" तिनं तो शब्द कालपासून लक्षात ठेवला होता. मी इतकी घाबरले की समोर जे दिसलं तेच बोलले. "चिमणी." काच फुटलेली रॉकेलची चिमणी भकाभका धूर ओकत होती. ती इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. "बरोबर हाये. ऐका हो, आपली चिमणी नापास केली हिनं. बजारातून काच आना आता."

परत येताना तुम्ही मला रागावला नाहीत. बरंच अंतर गेल्यावर म्हणालात, "आता कालचं वाक्य पुन्हा कर." मी प्रयत्न केला. तोंडच उघडेना. "नाही येत," मी म्हटलं. "मलेबी नाही येत," तुम्ही म्हणालात, आणि आपण घरी आलो. तिथे मोठे काका ओट्यावर बसलेले होते. त्यांनी एवढंच सांगितलं, की तुझं ताट आजपासून बाहेर. तुम्ही वाद घातला नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आपण दोघं ओट्यावर जेवायला लागलो. दोन दिवसांनी आईनं तिचंही ताट बाहेर आणलं. मग काकू आली, कारण एकटीला जेवण जात नाही म्हणाली. काका आत एकटेच जेवायचे आणि बाहेरचं हसणं ऐकायचे. एके दिवशी ते आपलं ताट घेऊन ओट्यावर आले आणि म्हणाले, "सरका." त्यावर तुम्ही एक शब्द काढला नाहीत, नुसते सरकलात. हे मला आजही जमत नाही. माझं बरोबर ठरलं की मला ते बोलून दाखवावंसं वाटतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते. मामानं मला मलकापूरला आणलं, शिकवलं, आणि आता मी इथल्याच मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. मला हे सगळं आता का लिहावंसं वाटलं, ते सांगते. आमच्या शाळेत पुअर फंड आहे. पूर्वी पुअर बॉईज फंड होता, मुलींची शाळा वेगळी झाली तेव्हा बॉईज गेलं आणि पुअर राहिलं. स्नेहसंमेलनाच्या दिवशी गरजू मुलींना स्टेजवर बोलावतात आणि पाहुण्यांच्या हातून गणवेशाचं कापड देतात. नाव पुकारलं की मुलगी येते, कापड घेते, वाकून नमस्कार करते, टाळ्या होतात. या वर्षी आठवीतलं एक नाव द्यायचं काम माझ्याकडे आहे, आणि माझा आवाज बरा म्हणून सगळी नावं पुकारायचं कामही माझ्याकडेच. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तिच्या परकराचा रंग गणवेशाच्या रंगाला मिळता नाही, म्हणून ती कवायतीला मागच्या रांगेत उभी राहते, आणि अलीकडे कवायतीच्या दिवशी येईनाशी झाली आहे. इंग्रजीत तिच्यासारखी दुसरी नाही. मी तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, शाळेकडून कापड मिळालं तर चालेल का? ती वर्गात निघून गेली. घरी मात्र बोलली असावी, कारण दुसऱ्या दिवशी तिचे वडील फाटकाशी आले.

ते स्टेशनजवळच्या जिनिंगमध्ये हमाल आहेत, कापसाच्या गाठी उचलतात. या वर्षीचे पाहुणे म्हणजे त्याच जिनिंगचे शेठ. हे आधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मुलीचे वडील म्हणाले, "बाई, माही पोरगी गरीब हाये, हे कोणं ठरवलं? तुम्ही?" मी म्हटलं, "मी अजून काही ठरवलं नाही हो." "अजून, म्हंजे ठरवनार हायेत." आणि लगेच म्हणाले, "पाहा बाई, ज्याच्या गाठी मी पाठीवर वाहून राह्यलो, त्याच्याच हातून माह्या पोरीनं टाळ्या ऐकत कापड नाही घ्याचं. नाव पुकारलं तं दुसऱ्या दिवशी तिची शाळा बंद. मंग तुमचं कापड आन् तुमचं इंग्रजी तुमच्यापाशी." आणि ते गेले. मुख्याध्यापकांना मी हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मदतही पाहिजे आणि ताठाही. गरीब माणसानं जरा गरिबासारखं..." आणि पुढचं त्यांनी गिळलं, कारण ते वाईट माणूस नाहीत. हा फंड त्यांनीच उभा केला. मग ते म्हणाले, "बाई, मी स्वतः त्या स्टेजवर उभा राहिलोय. धोतरजोडी घेतली, टाळ्या ऐकल्या. काय झालं मला? मुख्याध्यापक झालो. आणि लोकांना दिसलं नाही तर पुढच्या वर्षी देणार कोण?" यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि म्हणूनच मला झोप लागत नाही. नाव दिलं तर मुलगी जाईल. नाव दिलं नाही तर कवायत चुकवता चुकवता तीच हळूहळू शाळेतून सुटेल. तिच्या वडिलांचा ताठा मला मनातून फार आवडला, पण ताठ्याचा परकर शिवता येत नाही.

मी आधी ठरवलं होतं की तिच्या घरी जायचं. बाबांनी मला नेलं तशी मी जाते, असं मी शाळेतल्या शिवणाच्या बाईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलंसुद्धा. त्याच आठवड्यात मोटार स्टँडवर ती नर्स भेटली, आणि माझ्या लक्षात आलं की न बोलावता गेले तर ते जाणं तुमचं होणार नाही, पाहणी करायला येणाऱ्या इन्स्पेक्टराचं होईल. त्यांची चूल बघून मी ठरवणार होते की शब्द लागू पडतो की नाही. म्हणून गेले नाही. मग परवा मधल्या सुट्टीत ती मुलगी माझ्याकडे आली, फळ्याकडे बघत म्हणाली, "बाई, आई म्हन्ते, बाबाच्या बोलन्याचा राग नका धरू. आन् म्हन्ते रविवारी जेवाले या." तुम्ही एका क्षणात येतो म्हणाला होता. मी म्हटलं, "पाहू." तिनं मान हलवली आणि गेली, आणि तिच्या पाठमोऱ्या वेण्यांकडे बघताना मला माझी जीभ तोडून टाकावीशी वाटली. कारणही तसंच होतं, फार बारीक आणि फार निरुपयोगी. आधी जेवले आणि मग नाव पुकारण्यावरून मुख्याध्यापक सरांशी भांडले, तर मी मिठाला जागते आहे असं होईल. आधी कापड मिळवून मग जेवले, तर त्यांना वाटेल मी देणारी म्हणून ताटावर बसले. दोन्हीत कुठेतरी खोट राहणार, आणि खोट नको म्हणून मी तिला बरोबर ते उत्तर दिलं ज्यात सगळीच खोट होती. काल मी तिला थांबवलं आणि सांगितलं, "आईला सांग, बाई येतात." ती म्हणाली, "मले वाटलंच नव्हतं." तिचा काही टोमणा नव्हता, पण मला लागला.

बाकी राहतं ते कापड. तुम्ही असतात तर पहिलं विचारलं असतं, काय कमी हाये? आणि खरं सांगते, हा प्रश्न शाळेत कुणी विचारलाच नाही, मीसुद्धा नाही. त्या मुलीकडे बुद्धी कमी नाही, अब्रू कमी नाही, घरात माणसं कमी नाहीत. कमी आहे तो निळ्या कापडाचा एक तुकडा, आणि आपण तिला त्याच्या जागी टाळ्या देतो आहोत. हे मी शिवणाच्या बाईंशी बोलत होते. त्या हसणाऱ्या बाई आहेत, तोंडात नेहमी टाचण्या. टाचण्या काढून म्हणाल्या, "अगं, माझ्या तासाला पोरी घरून कापड आणतात आणि मी कापून देते. कुणी विसरली तर माझ्या कपाटातून देते. कात्रीखाली आलं की कुणाचं कोणतं, ते मला तरी कळतं का? तुझ्या शेठला म्हणावं, अख्खा तागाच दे. स्टेजवर द्यायचा तर स्टेजवर दे, हार घालून घे. तागा घ्यायला सरांना उभं कर. त्यांना सवय आहे, तेच म्हणतात ना?" मी हसले, आणि मग हसणं थांबल्यावर दिसलं की यात खरोखर काही कमी नाही. शेठना टाळ्या मिळतात, तागा फंडाचा म्हणून शिवणाच्या कपाटात जातो, परकर वर्गात इतर वीस परकरांबरोबर शिवला जातो, आणि मला कुणाचं नाव पुकारावं लागत नाही. फक्त हे सरांना कुणीतरी सांगायला हवं. शिवणाच्या बाई म्हणाल्या, त्या सांगणार नाहीत, त्यांनी गेल्या वर्षी शिलाई मशीनसाठी भांडण केलंय आणि त्यांची पाळी संपली.

सर चिडले तर? ते म्हणतील, काल आलेली पोरगी मला फंड शिकवते. ते म्हणतील, नाव द्या नाहीतर काम दुसऱ्याला देतो, आणि दुसरी बाई शांतपणे नाव देईल, कारण त्या मुलीचं नाव सगळ्यांना दिसतंच आहे. माझी नोकरी अजून कायम झालेली नाही. आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही, ती काळजी करेल म्हणून, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे ती साधंसं काहीतरी विचारेल आणि मला उत्तर द्यावं लागेल.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. यातला मोठा भाग मी तुमच्यासाठी लिहिलेलाही नाही, बाबा, तो सरांसाठी आहे. मी त्यांच्यापुढे उभी राहिले की पहिलं वाक्य येतं आणि दुसरं विसरते, म्हणून सगळं एकदा तुमच्यापुढे म्हणून पाहिलं. तुम्ही मध्ये बोलत नाही, तेवढी सोय आहे. रविवारचं जेवण होण्याआधी सरांशी बोलणं संपवायचं आहे, कारण त्या घरी जाताना माझ्या हातात देणं किंवा नाकारणं यातलं काहीच असू नये. येत्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, मुली फाटकाबाहेर गेल्या की मी सरांच्या खोलीत जाणार आहे.